विश्लेषण : विमानाला गंजापासून वाचवणारा थरच कामगारांसाठी घातक? ‘क्रोमेट’ला पर्याय का शोधले जात आहेत?

जर्मनच्या पातेल्यात लोणचे किंवा चिंचेचे सार ठेवू नये, हे कोल्हापुरातल्या घरांत कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. ठेवलेच तर काही दिवसांत तळाला बारीक खड्डे पडतात. हे ‘जर्मन’ म्हणजे ॲल्युमिनियम. उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणाऱ्या एटीआर विमानांचा सांगाडाही मुख्यतः याच धातूच्या मिश्रधातूंचा असतो. मग पावसात, दमट हवेत रोज फिरणारे विमान टिकते कसे? याचे बरेचसे श्रेय रंगाखालच्या एका पिवळसर थराला जाते. मात्र हाच थर लावणाऱ्या आणि घासून काढणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांना त्याचा धोका आहे.

ॲल्युमिनियमही गंजते का?

शुद्ध ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञाने त्यात थोडे तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून ते कणखर केले. ‘ड्युरालुमिन’ नावाने हा मिश्रधातू विमानात आला. आज वापरात असलेल्या ‘२०२४’ या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबे असते.

ताकद देणारे हे तांबेच घात करते. तांब्याचे सूक्ष्म कण, शेजारचे ॲल्युमिनियम आणि मधे खारट ओलावा असे त्रिकूट जमले, की धातूच्या अंगावरच छोटी बॅटरी तयार होते. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तोच हा गॅल्व्हॅनिक सेल. त्यात ॲल्युमिनियम विरघळते आणि खड्डा पडतो. विमानात प्रत्येक उड्डाणाला हवेचा दाब चढतो-उतरतो, त्यामुळे अशा खड्ड्यातून तडा सुरू होऊ शकतो.

धोका किती खरा आहे?

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उड्डाणातच उखडला गेला. त्यात एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. समुद्राच्या खाऱ्या हवेत फिरणाऱ्या या विमानाची जवळपास ९० हजार उड्डाणे झाली होती. पत्र्यांच्या सांध्यांतील चिकट थर सुटणे, गंज आणि धातूचा थकवा यांकडे तपासणीत झालेले दुर्लक्ष त्यामागे होते.

क्रोमेट नेमके काय करते?

विमानाच्या पत्र्यावर आधी क्रोमेटची रासायनिक प्रक्रिया होते, मग स्ट्रॉन्शियम क्रोमेट असलेला प्रायमर आणि सर्वांत वर रंग. रंगावर ओरखडा पडला, की प्रायमरमधील क्रोमेट ओलाव्यात विरघळून उघड्या धातूपर्यंत पोहोचते आणि तिथे न विरघळणारा थर तयार करून जखम बुजवते.

मग अडचण कुठे?

क्रोमेटमधील क्रोमियम ‘षट्संयुजी’ म्हणजे सहा संयुजेचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते निश्चित कर्करोगकारक ठरवले आहे. स्टीलच्या ताटातले क्रोमियम हे नव्हे, त्याची भीती नको. धोका आहे तो फवाऱ्याच्या तुषारांतून आणि जुना रंग घासताना उडणाऱ्या धुळीतून.

अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या जागेवरील हवेतील त्याची मर्यादा घनमीटरला ५२ मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. युरोपात २०१९ पासून स्ट्रॉन्शियम क्रोमेट खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. सांडपाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. उत्तर प्रदेशात कानपूर देहातमधील रनिया परिसरातील भूजल क्रोमियमच्या कचऱ्याने दूषित झाले आहे.

पर्याय कोणते?

• त्रिसंयुजी क्रोमियम : अमेरिकी नौदलाने विकसित केलेली प्रक्रिया. यात झिर्कोनियमबरोबर तुलनेने खूपच कमी विषारी क्रोमियम वापरतात.

• टार्टारिक-सल्फ्युरिक ॲनोडायझिंग : क्रोमिक आम्लाऐवजी चिंच-द्राक्षांत आढळणारे टार्टारिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल. एअरबसने ही पद्धत स्वीकारली आहे.

• लिथियम प्रायमर : ओरखड्यात लिथियमचे क्षार झिरपून संरक्षक थर तयार होतो. क्रोमेटच्या ‘स्वतःच जखम भरण्या’च्या गुणाजवळ जाणारा हा पर्याय मानला जातो.

• मॅग्नेशियमयुक्त प्रायमर : मॅग्नेशियम स्वतः झिजते आणि ॲल्युमिनियमला वाचवते.

बदल लगेच का होत नाही?

नव्या प्रायमरला ५ टक्के मिठाच्या धुक्यात दोन हजार तास काढावे लागतात. पण विमानाचे आयुष्य २५-३० वर्षांचे असते आणि प्रयोगशाळेतले मीठ म्हणजे खरा पावसाळा नव्हे. त्यामुळे बदल आधी बाहेरच्या, सहज तपासता येणाऱ्या भागांवर होतो. बंद सांधे आणि इंधन टाक्यांसारख्या अडचणीच्या जागा शेवटी येतात.

आपला संबंध काय?

ओझरला ‘एचएएल’चा विमान कारखाना आहे, नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्ती केंद्र, तर गोव्यात समुद्रालगत नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ तळ. अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेत गंजरोधक लेपांवर काम चालते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांना उद्या विमानाच्या सुट्या भागांचे काम मिळाले, तर त्यावरची प्रक्रिया कुठल्या रसायनाने करायची, हा प्रश्न येईलच. क्रोमेटची टाकी बसवणे म्हणजे तिच्या सांडपाण्याची जबाबदारीही घेणे. पंचगंगेच्या प्रदूषणावर वर्षानुवर्षे भांडणाऱ्या शहराला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

रंगकाम किंवा प्लेटिंगमध्ये असाल, तर डब्यासोबत येणारे सुरक्षा माहितीपत्रक जरूर मागा. त्यात ‘क्रोमेट’, ‘क्रोमिक’ किंवा ‘क्रोमियम सहा’ असे शब्द दिसले, तर कोरडे घासणे टाळा. धूळ खेचून घेणारी यंत्रणा आणि योग्य श्वसनमास्क मागा. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही.