कोरडा नालाही प्रवाहच

प्रताप नगरातला एखादा नाला मे महिन्यात कोरडा ठणठणीत असला, तर त्याला प्रवाह म्हणावे काय? 1974 चा जलप्रदूषण कायदा 'होय' म्हणतो. त्याच्या व्याख्येत तात्पुरता कोरडा जलमार्ग येतो, भूजलही येते. आम्हाला ही व्याख्या शास्त्राला धरून वाटते. कोरड्या पात्रात साठलेली घाण पहिल्या पावसाबरोबर पुढे जातेच. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला.

पाणी 30 अंश सेल्सियसला असताना एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. लिटरभर घरगुती सांडपाण्यातील घाण कुजायला मात्र सुमारे 200 मिलिग्रॅम लागतो. फळ्यावर भागाकार करून पाहावा: 27 लिटर स्वच्छ पाण्याचा सगळा ऑक्सिजन! उन्हाळ्यात एवढे पाणी नदीने आणावे कोठून?

उद्योगांनी नदीपासून ठराविक अंतर राखावे, असे राज्याचे 2000 सालचे नदी नियमन क्षेत्र धोरण सांगत होते. शासनाने ते 2015 मध्ये रद्द केले. सांडपाण्याची मानके राहिली, पण शुद्धीकरण यंत्रणा बंद पडली तर घाण अडवायला मधली जमीनच उपयोगी पडते. नवा कायदा झाला, तर अंतर पूररेषेपासून मोजावे. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा नागकाठच्या घरांत पाणी शिरले होते.