यंत्राचे साक्षीदार

जें आपोआप चालतें, त्याला माणूस कशाला हवा, असा प्रश्न 'स्वयंचलित' हा शब्द ऐकतांच पुष्कळांच्या मनांत येतो. गुहागरकरांस याचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. तालुक्यांतच, अंजनवेल येथें, वाशिष्ठीच्या दक्षिण तीरावर वायूवर चालणारें १९६७ मेगावॉट क्षमतेचें वीजकेंद्र उभारलें गेलें. नांव पैलतीरच्या दाभोळचें पडलें, पण भूमि गुहागरची. १९९९ सालीं तेथें वीज निघूं लागली. २००१ सालीं केंद्र बंद पडलें. २००५ सालीं रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन होऊन पुढील वर्षीं तें पुन्हां सुरू झालें.

अशा केंद्रांतील दाह व दाब कोणी डोळ्यांनीं पाहूं शकत नाहीं. तें काम मापकें करतात. त्यांची वार्ता नियंत्रणकक्षाकडे ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाच्या रूपानें जाते. शून्य मापालाहि ४ कां? कारण तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. आणि 'सांगण्याजोगें कांहीं नाहीं' व 'सांगणाराच उरला नाहीं' यांतील भेद यंत्रास कळला पाहिजे. अत्यंत महत्त्वाच्या जागीं तर तीन मापकें बसवून, तिघांपैकीं दोघांची साक्ष जुळेल तीच ग्राह्य धरतात.

ही साक्ष खरी ठेवणें हेंच ऑटोमेशन टेक्निशियनचें कर्तव्य. मापकें प्रमाणाशीं ताडून पाहणें, खाऱ्या वाऱ्यानें गंजलेले जोड साफ करणें, अडकलेला व्हॉल्व्ह मोकळा करणें, आणि तपासणीपुरती सोडविलेली सुरक्षेची सांखळी पुन्हां जोडून तशी नोंद करणें. ही शेवटली गोष्ट राहिली, तर यंत्र आंधळेपणानें धांवतें. 'यंत्र' शब्द आवरणें या अर्थाच्या 'यम्' धातूपासून झाला आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

असें असतां, मुलानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेतों म्हटलें, कीं आमच्या घरांतून वडिलांच्या कपाळीं आठ्या पडतात. विवाहाच्या बोलण्यांत 'मिस्त्री' म्हणून त्याचें स्थळ मागें सारलें जातें. गणित, पदार्थविज्ञान आणि सचोटी हीं तिन्ही ज्यास लागतात, तें काम हलकें कसें? रात्रपाळी व जोखीम आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. कारखाना बंद पडूं शकतो, हेंहि अंजनवेलनें दाखविलें. पण हीच विद्या दूधकेंद्रांत, औषधांच्या कारखान्यांत, शहराच्या पाणीपुरवठ्यांतहि उपयोगी पडते. तेव्हां मुलाची आवड या बाजूस दिसली, तर वडीलमंडळींनीं पगार व पदवी यांबरोबरच त्याच्या हाताचा नेमकेपणा व नोंदीचा खरेपणाहि पाहावा, आणि मग निर्णय करावा.