हुकूमशहानेच राजीनामा दिला, बाप्पा!

बॉस नोकरी सोडून चालला की ऑफिसात पहिला प्रश्न काय असतो? ‘आता खुर्चीत कोण?’ पण बॉस म्हणाला, मी कुणालाच नेमणार नाही, तुमचं तुम्ही बघा, तर? पायथन या कॉम्प्युटर-भाषेच्या मंडळींचं १२ जुलै २०१८ ला अगदी असंच झालं.

पायथनचा जन्मदाता गिडो व्हॅन रॉसम. पदवी ‘बेनेव्होलंट डिक्टेटर फॉर लाइफ’, म्हणजे तहहयात प्रेमळ हुकूमशहा! भांडण कितीही पेटो, शेवटचा शब्द त्याचा. पण एका चिमुकल्या चिन्हावरून (कोलन आणि बरोबर, वॉलरसच्या सुळ्यांसारखं दिसणारं) एवढं रण माजलं की चिन्ह मंजूर करून गडी वैतागून बाजूला झाला. लोकशाही आणा नाहीतर अराजक, म्हणाला, ठरवा तुम्हीच.

ठरवायला काही महिने गेले. सात प्रस्ताव, डिसेंबरात मतदान. २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांचं स्टीअरिंग कौन्सिल निवडून आलं. त्यात गिडोही होता, पण पाचातला एक! पुढच्या निवडणुकीतून त्याने नाव काढून घेतलं.

मी कोराडीचा. आमच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. एक दुरुस्तीला गेला तरी बाकीचे चालतात. कौन्सिलचा फंडा मला तसाच वाटतो. त्यातला सगळ्यात भारी नियम म्हणजे एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत. बड्या कंपन्यांच्या पगारावरची माणसं इथे असणारच, पण भाषा कुणा एकीच्या खिशात जाऊ नये ना! मत मात्र फक्त कोअर डेव्हलपर्सना. माझ्यासारखा, रोज नागपुरात जाऊन पायथनवर एक्सेलचे रिपोर्ट काढणारा, प्रस्तावावर बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. हे मला थोडं खटकतं.

पण पाच जणांना मोठे निर्णय जमतील का, ही शंका फिटली. एका वेळी एकाच धाग्याला काम करू देणारं ‘जीआयएल’ नावाचं जुनं कुलूप काढायला त्यांनी २०२३ मध्ये होकार दिला, तोही ‘बिघडलं तर मागे फिरू’ या अटीवर. २०२४ ला बिनकुलपाची आवृत्ती प्रयोग म्हणून आली, २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला.

माझ्या ऑफिसच्या मशीनवर अजून ३.८ आहे, तीच वॉलरसवाली. तिचे सुरक्षा-अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झाले. आमचे आयटीवाले म्हणतात, दिवाळीनंतर बघू.