फ्लेमिंगो बघायचेत? आधी तिथी बघा!

दिवाळीत ठरलेली सहल एप्रिलमध्ये पार पडली. कराडहून ताई, दाजी आणि दोन्ही भाचे खास फ्लेमिंगो बघायला नेरुळला आमच्याकडे आले होते. धाकट्याने तर गुलाबी पक्ष्यांच्या चित्रांनी वही भरवली होती. सकाळी नऊला आम्ही सीवूड्सच्या खाडीकाठी पोहोचलो. समोर नजर जाईल तिथवर चिखल, आणि पार पलीकडे उन्हात थरथरणारी एक फिकट रेघ. "मामा, पक्षी कुठेत?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तलावावर गेलो, तर तिथे चार बगळे. मुलं हिरमुसली. "यासाठी पाच-सहा महिने वाट बघितली होय!" दाजी म्हणाले. ताईची संकष्टी होती, तिला घरी जाऊन खिचडी टाकायची होती. सगळे परत फिरलो.

खरं तर चुकीचं उत्तर त्या संकष्टीतच होतं.

फ्लेमिंगोंचा दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि त्यातलं खाद्य टिपत पक्षी पाण्याच्या कडेकडेने दूर जातात. लहान फ्लेमिंगो मुख्यतः सूक्ष्म नील-हरित शैवाल गाळून खातो. मोठा फ्लेमिंगो बारीक कवचधारी जीव आणि किडेही खातो. या खाद्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात, म्हणून हे पक्षी गुलाबी. पिल्लं राखाडीच असतात. भरती चढू लागली की चिखल बुडतो, थवे काठाकडे ढकलले जातात आणि शेवटी उडून आसपासच्या उथळ पाणथळींवर विश्रांतीला येतात. म्हणजे खाडीकाठी जायचं ते पाणी चढत किंवा उतरत असताना, आणि तलावावर जायचं ते पूर्ण भरतीला.

ही वेळ काढायला आपल्याकडे जुना हिशेब आहे. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. येणारा आकडा म्हणजे मुंबई किनाऱ्यावरच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला उत्तर येतं ३. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी नऊला ऐन ओहोटी! आम्ही नेमके तेव्हाच गेलो होतो. दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. नेमक्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघावं. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातल्या बोटफेऱ्याही भरतीच्याच हिशेबाने सुटतात.

पण प्रत्येक निराशेला तिथी जबाबदार नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याचे मार्ग अडले आणि तलाव कोरडा पडला. भरतीला चिखल बुडालेला आणि विसाव्याची जागा सुकलेली, अशा वेळी पक्षी भरकटतात. त्या हंगामात परिसरात काही फ्लेमिंगो मेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा सुमारे ३० एकरांचा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. पण खाडीतलं ताट आणि काठावरचं अंथरूण, दोन्ही शाबूत असेल तरच पक्षी टिकतील.

यात आपलाही स्वार्थ आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून तर शहरात धारण तलाव बांधले गेले. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर जास्तीचं पाणी सामावून घ्यायला खारफुटी आणि पाणथळीच लागतात. फ्लेमिंगोचा तलाव बुजला तर उद्या पाणी आपल्या सोसायटीत शिरेल.

साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत हे पाहुणे इथे असतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरेचसे गुजरातकडे, कच्छच्या रणाच्या दिशेने विणीसाठी जातात. जाताना दुर्बीण न्यावी, शांत राहावं, फोटोसाठी थवा उडवू नये आणि ड्रोन तर नकोच.

भाच्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं आहे. या वेळी तारीख ठरवण्याआधी ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि थोरल्याने तीन-चारचा हिशेब मांडला. द्वादशी निघाली. भरती सकाळी नऊला!