दोघांची जोडी: शक्ती-तुऱ्यापासून हिप हॉपपर्यंत

गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले पेण आणि कुंडलिकाकाठचे रोहा ज्या रायगड जिल्ह्यात आहेत, तेथील रसिकाला हिप हॉप वाटते तितके परके नाही, कारण कोकणातील शक्ती-तुरा, म्हणजे शक्तीला श्रेष्ठ मानणारा शाहीर आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा शाहीर यांच्यातील ढोलकीच्या ठेक्यावरचा काव्यमय सवाल-जवाब, लयबद्ध शब्दांच्या सामन्यावरच उभा आहे.

हिप हॉपचा आरंभ 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क याच्या मेजवानीत झाला असे मानतात. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा, ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात, तो दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवून त्याने लांबवला. पुढे तबकड्या सांभाळणारा डीजे आणि शब्द पेलणारा एमसी, म्हणजे रॅपर, अशी जोडी रूढ झाली; एरिक बी. आणि रकीम यांचा 1987 चा ‘पेड इन फुल’ हा गीतसंग्रह तिचा नमुना होय. मात्र येथे जोडीदार प्रतिस्पर्धी नसून पूरक असतात, हा शक्ती-तुऱ्याहून मोठा भेद आहे.

कॅलिफोर्नियातील ब्लॅकलिशस या जोडीने मोठ्या कंपन्यांऐवजी कलावंतांच्या स्वतःच्या संस्थेमार्फत अमेरिकेत आणलेल्या गीतसंग्रहाला ‘निया’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘उद्देश’, असे नाव दिले आणि बढाई-हिंसेऐवजी आत्मशोधाला स्थान दिले. महाराष्ट्रात मुंबईच्या ‘स्वदेसी’ने 2019 मध्ये मुंबईतल्याच आरेतील आदिवासी कार्यकर्ते व लोकगायक प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे सादर केले. ‘स्वदेसी’ ही जोडी नव्हे, रॅपरांचा समूह आहे, पण लोकगायक आणि रॅपर यांचा शेजार तेथे खराखुरा जमला.