64 आणि 34

उपकेंद्राच्या दारातच आंबट वास नाकात शिरतो. ॲसेटिक ॲसिडचा. व्हिनेगरइतकंच सौम्य, 5 टक्क्यांचं. त्यात भिजवलेला कापूस गर्भपिशवीच्या तोंडाला लावायचा, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते उजेडात बघायचं. सिस्टर घड्याळाकडे बघत ते मिनिट मोजतात आणि तेवढ्यात बाईशी बोलत राहतात: सोयाबीन काढलं का, सून कुठली केली. आखडलेले पाय सैल पडतात ते या बोलण्याने. मार्गदर्शक सूचनांत या बोलण्याला जागा नाही.

सूचना सरळ आहेत. 2016 पासून 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ती कधी झालेली नव्हती. आशाताई दारोदार फिरतात आणि प्रत्येक दारात तेच ऐकतात, "मला काय धाड भरलीय?" त्रास नसतानाच यायचं असतं, हे पटवण्यात त्यांचे जोडे झिजतात.

मला इथे खेचून आणलं ते एका अभ्यासाने. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने सुमारे 1 लाख 31 हजार बायकांचे चार गट केले गेले. निकाल 2009 साली छापून आला. इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना तो तोंडपाठ आहे. "तपासणी न केलेल्या गटात या कॅन्सरने 64 बायका गेल्या. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची चाचणी झालेल्या गटात 34. तीही एकदाच केलेली चाचणी." आणि ॲसिडच्या गटात? "56."

ॲसिडची तपासणी वाया जाते असं मुळीच नाही. मुंबईच्या वस्त्यांत ती दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण त्यासाठी बाई पुन्हा पुन्हा यायला हवी. इथे ती एकदा आली तरी सिस्टरचा चेहरा उजळतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पसंती दिली. ज्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, त्यांच्या लेकीसुनांच्या वाट्याला या उपकेंद्रात अजून कापसाचा बोळाच आहे. 64 आणि 34 हे आकडे मनातून जात नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

त्या दिवशी एकीला डाग उठला. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, सिस्टरनी दोनदा सांगितलं. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात. "कोण नेणार?" बाईने विचारलं. आशाताई म्हणाल्या, "मी येते, गुरुवारी पहिल्या एसटीने."

एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, हे मी आशाताईंना सांगितलं. टेबलावर झोपायचं नाही, कुणी बघायचं नाही. त्या पटकन म्हणाल्या, "घरी नळी देता आली, तर सगळी वाडी आठवड्यात करून देते. साहेबांना सांगा की."