'आइज वाइड शट': पाव शतकाचा मागोवा

16 जुलै 1999 रोजी स्टॅन्ली क्युब्रिकचा 'आइज वाइड शट' अमेरिकेत लागला, तेव्हा प्रेक्षकांची झुंबड उडाली ती टॉम क्रूझ आणि निकोल किडमन या खऱ्याखुऱ्या नवरा-बायकोला पडद्यावर पाहण्यासाठी. जाहिरातींनीही तीच हवा तापवली होती. मिळाला मात्र 159 मिनिटांचा संथ चित्रपट. त्यातला डॉक्टर बिल रात्रभर न्यूयॉर्कमध्ये मोहाची दारं ठोठावतो आणि प्रत्येक दारातून कोरडाच परततो. पहिल्या आठवड्यात तिकीटबारीवर पहिला आलेला हा चित्रपट बघता बघता अनेकांनी 'थंड' म्हणून मोडीत काढला.

गोष्ट मुळात व्हिएन्नाची. पेशाने डॉक्टर असलेल्या आर्थर श्निट्झलरची 'ट्राउमनोव्हेले' ही लघुकादंबरी 1926 साली पुस्तकरूपात आली. या लेखकात आपलंच प्रतिरूप दिसतं, म्हणून त्याची भेट टाळत आलो, अशी कबुली खुद्द फ्रॉइडने त्याला पत्रातून दिली होती. क्युब्रिकच्या मनात ही कथा 1970च्या आसपासपासून घोळत होती. अखेर चित्रपट करताना त्याने ती न्यूयॉर्कला आणली आणि कार्निव्हलच्या जागी नाताळ घातला. मुखवट्यांच्या गुप्त मैफलीत शिरायचा परवलीचा शब्द त्याने ठेवला 'फिडेलिओ'. बेथोव्हेनच्या या एकमेव ऑपेराची नायिका पुरुषवेश घेऊन नवऱ्याला तुरुंगातून सोडवते. पतिनिष्ठेच्या या कथेचं नाव व्यभिचाराच्या दारावर टांगणं, हा खास क्युब्रिकी कावा.

चित्रीकरण नोव्हेंबर 1996मध्ये सुरू झालं. क्युब्रिक विमानप्रवास टाळायचा, म्हणून न्यूयॉर्कच्या गल्ल्या इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओत उभ्या राहिल्या. काम इतकं लांबलं की 400 दिवसांच्या सलग चित्रीकरणाची गिनीज बुकात नोंद झाली. हार्वी कायटेल मध्येच बाहेर पडला. त्याची भूमिका सिडनी पोलॅकने केली. मार्च 1999मध्ये क्युब्रिकने चित्रपट स्टुडिओला आणि दोन्ही ताऱ्यांना दाखवला आणि काही दिवसांतच, 7 मार्चला, तो गेला. पुढे 'आर' प्रमाणपत्रासाठी अमेरिकेतल्या प्रतीत मैफलीच्या दृश्यांसमोर संगणकाने घडवलेल्या आकृत्या उभ्या केल्या गेल्या. त्याच प्रसंगाच्या संगीतात भगवद्गीतेचे श्लोक वापरल्याबद्दल हिंदू संघटनांनी निषेध केला. काही आवृत्त्यांतून ते नंतर काढण्यात आले.

वादाचा धुरळा खाली बसला तसं चित्रपटाचं खरं केंद्र दिसू लागलं. ते मुखवट्यांच्या हवेलीत नाही, शयनगृहात आहे. गांजाच्या तारेत बिलची बायको ॲलिस त्याला सांगते की गेल्या उन्हाळ्यात एका नौदल अधिकाऱ्याला नुसतं पाहिलं आणि त्याच्यासाठी घरदार, मूल, सगळं सोडायची तिची तयारी झाली. घडलेलं काहीच नाही. पण बायकोच्या मनावर आपली मालकी आहे, हा बिलचा समज तिथे फुटतो. पुढची सगळी वणवण त्या दुखावलेल्या अहंकाराची. न घडलेला प्रसंग तो मनात पुन्हा पुन्हा रंगवतो, आणि त्याला झपाटतो तो संशय. वासना नुसती निमित्ताला.

2001मध्ये क्रूझ-किडमन यांचा घटस्फोट झाला आणि त्यांच्या संसाराबद्दलचं कुतूहल ओसरल्यावर बिल आणि ॲलिस ही पात्रं म्हणून दिसू लागली. मार्टिन स्कॉर्सेसीने या चित्रपटाला नव्वदच्या दशकातल्या आपल्या आवडत्या चित्रपटांत स्थान दिलं. आता पाश्चात्त्य शहरांतली काही चित्रपटगृहं नाताळात तो आवर्जून दाखवतात.

माझं मत असं: क्युब्रिकचा हा सर्वांत निर्दोष चित्रपट नव्हे. सिडनी पोलॅकच्या तोंडचा बिलियर्ड टेबलाजवळचा खुलासा लांबतो, गूढही थोडं विरतं. पण निष्ठा म्हणजे देहाचा संयम की मनाचाही, हा प्रश्न इतक्या निर्भीडपणे विचारणारे चित्रपट आजही विरळाच. तेव्हा कंटाळून अर्ध्यावर सोडला असेल, तर आता पुन्हा पाहा; आणि ॲलिस बोलत असताना नजर बिलच्या चेहऱ्यावर ठेवा.